मिरचीची मूळकूज : नाव एक, बुरशीची रूपे अनेक

गुंटूरपासून ब्याडगीपर्यंत आणि नंदुरबारपासून भिवापूरपर्यंत मिरची पिकवणाऱ्या प्रत्येक पट्ट्यात ‘मूळकूज’ हा शब्द ऐकू येतो. पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ एकच असतो असे नाही. झाड दुपारी मान टाकते, संध्याकाळी थोडे सावरते आणि दोन-चार दिवसांत उभेच वाळून जाते. शेतकरी त्याला मर म्हणतो, मूळकूज म्हणतो, कोठे बुडकूज म्हणतो. जमिनीखाली हे घडवणारे रोगकारक मात्र निरनिराळे असतात, आणि त्यांपैकी एकच बुरशी निश्चितपणे ओळखली तरी प्रश्न संपत नाही. ती बुरशीदेखील सर्वत्र सारखी नसते. एका गावच्या मातीत ती जेवढी आक्रमक असते तेवढी दुसऱ्या गावच्या मातीत नसते. एका नमुन्याला जे औषध रोखते ते दुसऱ्याला पुरेसे रोखत नाही. वनस्पतिरोगशास्त्रात याला रोगकारकाची परिवर्तनशीलता म्हणतात. मिरचीच्या संदर्भात तिचा अभ्यास ज्या बुरशीवर होतो, त्यांत स्क्लेरोशियम रॉल्फ्सी हिचे उदाहरण सर्वांत बोलके आहे.

ही बुरशी प्रथम नोंदवली गेली ती टोमॅटोवर. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पीटर हेन्री रॉल्फ्स यांनी १८९२ मध्ये टोमॅटोच्या करप्यासंबंधी लिहिताना तिचे वर्णन केले. इटालियन कवकशास्त्रज्ञ पिएर आंद्रेया साकार्डो यांनी १९११ मध्ये तिला रॉल्फ्स यांचे नाव दिले. भारतात १९१५ मध्ये एफ. जे. एफ. शॉ आणि एस. एल. आजरेकर यांनी कुजलेल्या बटाट्यांतून ती वेगळी केली. मात्र त्या वेळी ती ऱ्हायझोक्टोनियाची एक जाती म्हणून नोंदली गेली आणि खरी ओळख पुढे पटली. नावाचा हा घोळ तेथेच थांबला नाही. तिची लैंगिक अवस्था इटलीचे मारिओ कुर्झी यांनी वर्णिल्यानंतर ती कॉर्टिसियम झाली, १९७८ मध्ये अथेलिया झाली आणि अगदी अलीकडे वर्गीकरणतज्ज्ञांनी तिला आग्रोअथेलिया या नव्या प्रजातीत नेऊन बसवले आहे. शेतीच्या व्यवहारात आणि बहुतेक भारतीय प्रबंधांत मात्र स्क्लेरोशियम रॉल्फ्सी हेच नाव चालते. या लेखातही तेच वापरले आहे.

मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आलेली. ही बुरशी मात्र कोणा एका पिकाची बांधील नाही. रॉबर्ट एकॉक यांनी १९६६ मध्ये तिच्यावरील तोवरचे संशोधन एकत्र केले, तेव्हाच तिला बळी पडणाऱ्या वनस्पतींची संख्या शंभराच्या आसपास कुळांतील ५०० जातींच्या घरात गेली होती. भुईमूग, सोयाबीन, हरभरा, टोमॅटो, वांगी, बटाटा, सूर्यफूल ही आपल्याकडची नेहमीची पिके त्या यादीत आहेत. मिरचीच्या आधी किंवा नंतर शेतात काय असते, हे आठवले म्हणजे या यादीचे गांभीर्य कळते.

रोगट झाड उपटल्यावर या बुरशीची खूण सहसा डोळ्यांनी दिसते. जमिनीलगत बुंध्यावर तपकिरी डाग पडून साल सडते आणि त्यावर पांढरे, रेशमी धागे पंख्यासारखे पसरतात. काही दिवसांनी त्याच धाग्यांत बारीक गोल गाठी दिसू लागतात. प्रथम त्या पांढऱ्या असतात, मग पिवळसर होतात आणि शेवटी तांबूस-तपकिरी. हुबेहूब मोहरीचे दाणे. यांनाच स्क्लेरोशिया म्हणतात. त्यांचा व्यास अर्धा ते दोन मिलिमीटर असतो. बाहेरून काळपट रंगद्रव्याचे कठीण कवच आणि आत साठवलेले अन्न अशी त्यांची रचना असल्यामुळे पीक निघून गेले, माती कोरडी पडली, तरी त्या तग धरून राहतात. कोरडेपणानंतर पाऊस आला की त्यांना जाग येते. सुकून पुन्हा ओल्या झालेल्या गाठी अधिक जोमाने अंकुरतात, हे प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. म्हणूनच पावसाने ताण दिल्यानंतरच्या पहिल्या चांगल्या सरीपाठोपाठ झाडे कोलमडू लागली तर त्यात नवल नाही. सत्तावीस ते तीस अंश सेल्सियस तापमान आणि हवेशीर, हलकी, किंचित आम्लधर्मी जमीन तिला विशेष मानवते.

झाड मारण्याची तिची पद्धत जाणून घेण्यासारखी आहे. ती पेशीत शिरण्यापूर्वीच पेशींना मारते. कॉर्नेल विद्यापीठातील डी. एफ. बेटमन आणि एस. व्ही. बिअर यांनी १९६५ मध्ये दाखवले की, ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल आणि पेक्टिन विरघळवणारे विकर अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी सोडते. आम्ल पेशीभित्तिकेतील कॅल्शियम ओढून घेते आणि सामू खाली आणते. त्या आम्लतेत विकराचे काम सोपे होते. पेशी एकमेकींपासून सुटतात, ऊती लगदा होते आणि बुरशी त्या मृत लगद्यावर वाढते. याचा सरळ अर्थ असा की, जो नमुना आम्ल आणि विकर अधिक वेगाने तयार करतो तो अधिक घातक ठरण्याची शक्यता असते. परिवर्तनशीलतेचा पहिला धागा येथे सापडतो.

आता मुख्य कोडे. बुरशींमध्ये विविधता येते ती प्रामुख्याने लैंगिक प्रजननातून, बीजाणूंच्या देवाणघेवाणीतून. स्क्लेरोशियम रॉल्फ्सी या बाबतीत कंजूष आहे. तिला अलैंगिक बीजाणू येतच नाहीत आणि लैंगिक बीजाणू क्वचित, दमट हवेत, रोगट भागाच्या कडेला दिसतात; रोग पसरण्यात त्यांचा वाटा फारसा मानला जात नाही. ती वाढते धाग्यांनी आणि टिकते गाठींनी. म्हणजे बटाट्याच्या बेण्यासारखी ती स्वतःचीच प्रत काढत राहते. मग एका तालुक्यातून गोळा केलेले वीस नमुने वीस तऱ्हांचे का दिसतात? याचे उत्तर एकपदरी नाही. तिच्या धाग्यातील प्रत्येक पेशीत अनेक केंद्रके असतात आणि ती सारखीच असतील असे नाही. उत्परिवर्तने साचत जातात. लैंगिक अवस्था क्वचित असली तरी शून्य नाही, आणि शतकांच्या हिशेबात क्वचित घडणारी गोष्टही पुरेशी असते. शिवाय या बुरशीचे निरनिराळे वंश माणसाने रोपे, बेणे, माती यांबरोबर एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेऊन एकत्र आणले आहेत. या शेवटच्या कारणाकडे संशोधनात जेवढे लक्ष जायला हवे तेवढे जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फरक मोजतात कसा

प्रयोगशाळेत प्रत्येक रोगट झाडापासून बुरशीचा एक शुद्ध नमुना वेगळा केला जातो. त्याला आयसोलेट म्हणतात. बटाटा-डेक्स्ट्रोज आगरावर तो वाढवला की अठ्ठावीस अंशांच्या आसपास तीन-चार दिवसांत नव्वद मिलिमीटरची काचेची बशी भरून जाते. पण कोणता नमुना तिसऱ्याच दिवशी कड गाठतो, कोणता रेंगाळतो. एकाची वाढ कापसासारखी फुगीर, दुसऱ्याची चपटी आणि तारांकित. गाठी काहींत मोजक्याच, काहींत शेकडो. काहींत मध्यभागी, काहींत बशीच्या कडेने कंकणासारख्या. रंगाच्या छटाही वेगळ्या. या बाह्य लक्षणांवरून नमुन्यांचे गट पाडणे सोपे व स्वस्त आहे, आणि म्हणूनच बहुसंख्य अभ्यास येथूनच सुरू होतात. दुर्दैवाने काही येथेच संपतातही. बशीतील रंगरूपाचा आणि शेतातील घातकतेचा संबंध अनेकदा जुळत नाही. त्यातच एकच नमुना वर्षानुवर्षे बशीतून बशीत हलवत राहिले तर त्याचे गाठी धरण्याचे प्रमाण आणि रोग निर्माण करण्याची शक्ती बदलू शकते. म्हणून नमुना ताजा आहे की जुना, हे नमूद नसलेल्या तक्त्याला फारसे मोल राहत नाही.

याहून विश्वासार्ह कसोटी आहे ती परस्पर-सामंजस्याची. दोन नमुने एकाच बशीत समोरासमोर वाढवले जातात. ते एकाच वंशाचे असतील तर त्यांचे धागे मिसळतात आणि सीमारेषा पुसली जाते. वंश वेगळे असतील तर जेथे भेट होते तेथील पेशी मरतात आणि दोघांमध्ये एक विरळ पट्टा उमटतो. बांधावरून भांडणाऱ्या दोन भाऊबंदांसारखे हे दृश्य नुसत्या डोळ्यांनी दिसते. झामिर पुंजा आणि रेमंड ग्रोगन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात या पद्धतीने स्क्लेरोशियम रॉल्फ्सीचे अनेक गट असल्याचे दाखवले. पुढे अमेरिकेतील भुईमुगाच्या क्षेत्रांत एकाच शेतात एकाहून अधिक गट नांदत असल्याचे आढळले. ही गोष्ट महत्त्वाची आहे. बुरशी स्वतःहून फार दूर जात नाही. एका गाठीतून निघालेले धागे काही सेंटिमीटरच पोचतात. त्यामुळे शेतातील रोगाचा एकेक चट्टा हा एकेका वंशाचे छोटे संस्थान असू शकतो.

तिसरी पायरी डीएनएची. जनुकीय खुणांचे पट्टे किंवा रायबोसोमच्या जनुकांलगतचा ठरावीक भाग वाचून नमुन्यांमधील नाते ठरवले जाते. या बुरशीत एकाच नमुन्यात त्या भागाच्या थोड्या वेगळ्या प्रती आढळत असल्यामुळे वाचनात गुंतागुंत होते. तरीही वंशावळ मांडण्यासाठी ही पद्धत बाह्यरूपापेक्षा खात्रीची आहे.

अखेरची आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी कसोटी कुंडीतली. ज्वारीचे दाणे उकळून, निर्जंतुक करून त्यांवर बुरशी वाढवतात, ते दाणे मातीत मिसळतात आणि त्या मातीत मिरचीची रोपे लावून किती मरतात ते मोजतात. मेलेल्या रोपातून तीच बुरशी पुन्हा मिळाली तरच निष्कर्ष ग्राह्य. या चाचणीत कोणत्या नमुन्याने बहुतेक रोपे आडवी केली आणि कोणत्याने मोजकीच, असा फरक दिसतो.

जातींचे गणित

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण लोकप्रिय लेखनात तो पुसला जातो. रोगकारकाचे उपप्रकार दोन अर्थांनी वेगळे असू शकतात. हरभऱ्याच्या मर रोगाचे उदाहरण घ्यावे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत एम. पी. हवारे आणि वाय. एल. नेने यांनी १९८२ मध्ये फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या हरभऱ्यावरील चार रेस वेगळ्या दाखवल्या. हरभऱ्याच्या ठरावीक वाणांचा एक संच घेतला की कोणती रेस कोणत्या वाणाला मारते आणि कोणत्याला मारत नाही, हे होय-नाही स्वरूपात सांगता येते. अशा वेळी पैदासकाराला नेमके लक्ष्य मिळते आणि त्या त्या रेसला दाद न देणारे वाण शोधता येतात.

स्क्लेरोशियम रॉल्फ्सीच्या बाबतीत असे काटेकोर गणित मांडता आलेले नाही. तिच्या नमुन्यांतील फरक प्रमाणाचा आहे: कोणी अधिक आक्रमक, कोणी कमी. वाणानुसार होय-नाही असे उत्तर ती देत नाही. ऱ्हायझोक्टोनिया सोलानी या दुसऱ्या मूळकूज घडवणाऱ्या बुरशीत धागे जुळण्यावरून तेरा क्रमांकित गट ठरले आहेत आणि त्यांतील काही गट ठरावीक पिकांकडे झुकलेले दिसतात. तसा झुकावही येथे स्पष्ट नाही. भुईमुगावरील नमुना मिरची मारतो, मिरचीवरील हरभरा मारतो. अशा रोगकारकाविरुद्ध संपूर्ण प्रतिकारशक्ती असलेला वाण मिळणे अवघड असते, आणि मिरचीत आज शेतकऱ्याच्या हाती या रोगासाठी खात्रीचा प्रतिकारक वाण नाही. काही वाण सहनशील ठरतात. पण ही सहनशीलता कोणत्या नमुन्याविरुद्ध पारखली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एकाच केंद्रावर, एकाच आणि कदाचित सौम्य आयसोलेटवर उत्तीर्ण झालेला वाण दुसऱ्या राज्यात कोसळू शकतो. चाचणीसाठी निरनिराळ्या प्रदेशांतील, त्यांतही सर्वांत आक्रमक नमुने वापरणे हा परिवर्तनशीलतेच्या अभ्यासाचा सर्वांत थेट उपयोग आहे.

औषध कोणावर

चुकीच्या निदानाची किंमत सर्वाधिक मोजावी लागते ती बुरशीनाशकांत. मूळकूज म्हटले की कार्बेन्डाझिमची आळवणी, हा रिवाज पक्का बसला आहे. फ्युझेरियमवर ते औषध काम करते. स्क्लेरोशियम रॉल्फ्सीवर त्याचा परिणाम तुटपुंजा असल्याचे प्रयोगशाळेतील चाचण्यांत वारंवार दिसले आहे. तिच्यावर कार्बोक्सिन किंवा टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल यांसारखी ट्रायझोल गटातील औषधे अधिक प्रभावी ठरतात. त्यातही नमुन्यानमुन्यांत संवेदनशीलता कमीजास्त असते. एकच औषध सतत वापरले की कमी संवेदनशील वंश मागे उरतात आणि वाढतात. टेक्सासच्या भुईमूग क्षेत्रात पीसीएनबी या बुरशीनाशकाला सहनशील झालेले याच बुरशीचे नमुने १९९० च्या दशकात नोंदवले गेले. मिरचीसाठी नोंदणी झालेलेच औषध लेबलवरील मात्रेत वापरणे हा कायद्याचा भाग आहे, आणि खाण्यात थेट येणाऱ्या पिकात तो विशेष पाळावा लागतो.

फायटोप्थोरा कॅप्सिसी हा तर वेगळाच प्रकार. लिऑन लिओनियन यांनी १९२२ मध्ये न्यू मेक्सिकोतील मिरचीवर त्याचे वर्णन केले. तो बुरशीसारखा दिसतो, पण शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या बुरशींत मोडत नाही. साचलेल्या पाण्यात तो पोहत पसरतो. त्याला मेटालॅक्सिलसारखी औषधे लागतात, जी स्क्लेरोशियमवर निरुपयोगी आहेत. म्हणून उपटलेल्या झाडाकडे नीट पाहणे हे पहिले काम. बुंध्यावर पांढरे धागे आणि मोहरीसारख्या गाठी असतील तर स्क्लेरोशियम. खोड चिरल्यावर आतल्या नळ्या तपकिरी दिसल्या तर फ्युझेरियमचा संशय. साल सोलल्यावर कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके असतील तर कोरड्या, तापलेल्या रानात येणारी मॅक्रोफोमिना. पाणथळ जागी बुंधा काळपट, भिजल्यासारखा असेल तर फायटोप्थोरा. आणि खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात धरल्यावर दुधी धार सुटली तर तो जिवाणूजन्य मर रोग; त्यावर कोणतेच बुरशीनाशक चालणार नाही.

जैविक उपायांनाही परिवर्तनशीलतेचा नियम लागू आहे. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी स्क्लेरोशियमच्या धाग्यांना वेटाळते आणि गाठींत शिरून त्या निकामी करते. अमेरिकेतील जॉर्जियात वेल्स, बेल आणि जावोर्स्की यांनी १९७२ मध्ये ट्रायकोडर्मा हार्झियानमचा या बुरशीविरुद्ध शेतातील उपयोग दाखवला. मृदाजन्य रोगांच्या जैविक नियंत्रणातील तो आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग. परंतु ट्रायकोडर्माचेही वंश भिन्न आहेत आणि एका वंशाने रोगकारकाचा एक नमुना दडपला म्हणून सर्व दडपले जातील असे नाही. स्थानिक मातीतून वेगळ्या केलेल्या ट्रायकोडर्माची स्थानिक नमुन्यांवर चाचणी घेणे, हा कृषी विद्यापीठांतील काम करण्याजोगा भाग आहे. शेणखतात मुरवून, लागणीपूर्वी दिलेला ट्रायकोडर्मा झाडे मरू लागल्यावर ओतलेल्या ट्रायकोडर्मापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

वंश कोणताही असो, काही उपाय सर्वांवर सारखे लागू पडतात, आणि म्हणून ते अधिक भरवशाचे. गाठींना हवा लागते. खोल नांगरटीने त्या खाली गाडल्या की बऱ्याचशा अंकुरत नाहीत, मात्र पुढच्या हंगामात तीच माती पुन्हा वर काढू नये. इस्रायलमध्ये जे. कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलेली, ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून उन्हाने ती तापवण्याची पद्धत रोपवाटिकेच्या वाफ्यांसाठी आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत सहज शक्य आहे. अर्धवट कुजलेला पालापाचोळा बुंध्याशी ठेवू नये. प्रयोगशाळेत मेलेल्या ज्वारीच्या दाण्यावर जोमाने वाढणारी ही बुरशी शेतातही तशाच मृत खाद्यावर बळ धरते. उंच वरंब्यावरील लागण बुंध्याभोवतीची ओल कमी करते.

फेरपालटीत घोळ होतो तो पिकाच्या निवडीत. मिरचीनंतर हरभरा, त्यानंतर सोयाबीन किंवा भुईमूग ही फेरपालट कागदावर योग्य दिसते, या बुरशीच्या दृष्टीने ती अखंड पंगत असते. ज्वारी, बाजरी, मका, गहू ही तृणधान्ये तिला तुलनेने कमी मानवतात. गाठी काही वर्षे टिकतात म्हणून एका हंगामाची विश्रांती पुरत नाही.

रोपवाटिकांचा मुद्दा याहून नाजूक आहे. मिरचीची रोपे आता अनेक ठिकाणी शेतकरी स्वतः तयार करत नाही. ती ट्रेमधून, जिल्हा आणि कधी राज्य ओलांडून येतात. जी बुरशी स्वतः काही सेंटिमीटरच सरकते तिला ट्रक शेकडो किलोमीटर नेतो. रोपाच्या मातीत एखादी गाठ असली, तर शेतात त्या भागाला अपरिचित असा वंश रुजू शकतो.

रोगट झाडाचा नमुना तपासणीसाठी कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागात द्यायचा असल्यास पूर्ण वाळलेले झाड घेऊ नये, कारण त्यावर इतर बुरशी चढलेल्या असतात. नुकतेच मलूल झालेले झाड मुळांसह आणि भोवतीच्या मूठभर मातीसह खणून काढावे, प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावे आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवावे. शेताच्या वेगवेगळ्या भागांत रोगाचे चट्टे असतील तर प्रत्येक चट्ट्यातील झाड वेगळ्या पिशवीत भरावे. सोबत मिरचीचा वाण, रोपे कोठून आणली, मागील तीन हंगामांत त्या रानात कोणती पिके होती आणि कोणती औषधे दिली, हे लिहून द्यावे.